वर्गणी, प्रवासखर्च, पोस्टर आणि पारितोषिक निधी: विज्ञानसंस्थांबद्दल वाचकांचे प्रश्न

डिसेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडच्या बहुतेक विज्ञानसंस्थांच्या वार्षिक अधिवेशनांचा हंगाम. त्याच्या तीन-चार महिने आधी सभासदत्व, गोषवारा (अधिवेशनात भाषणातून किंवा पोस्टरवर मांडायच्या कामाचा सारांश) आणि प्रवासखर्चाचे अर्ज सुरू होतात, आणि त्याच वेळी या सदरात त्याबद्दलची पत्रं येऊ लागतात. त्यांतली काही निवडून इथे उत्तरं दिली आहेत.

एम.एस्सी. गणिताच्या पहिल्या वर्षाला आहे. सर म्हणतात, एखाद्या सोसायटीचा सभासद हो. वर्गणी भरून नेमकं काय मिळतं? नुसतं प्रमाणपत्र मिळणार असेल तर घरी पैसे कसे मागू? (लातूर)

नुसतं प्रमाणपत्र मिळणार असेल तर मागू नका. पण ज्या संस्थेत काम चालतं तिथे प्रमाणपत्र ही सगळ्यात किरकोळ गोष्ट असते.

आधी एक फरक लक्षात घ्या. अकादमीत जुने फेलो, म्हणजे आधी निवडलेले सभासद, नव्यांची नावं सुचवतात आणि मतदानाने निवड होते. तिथे अर्ज करून जाता येत नाही. सोसायटीत मात्र विषयाशी संबंध असलेला कुणीही वर्गणी भरून सभासद होऊ शकतो. तुमचा प्रश्न दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

तुमच्याच विषयातलं उदाहरण घेऊ. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी १९०७ साली व्ही. रामस्वामी अय्यर यांनी वीस संस्थापक सभासदांना घेऊन सुरू केली. अय्यर सरकारी नोकरीत होते, आणि सभासद देशभर विखुरलेले. परदेशी गणित-नियतकालिकं एकेकट्याला परवडणारी नव्हती. मग वर्गणीतून ती संस्थेने घ्यायची, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ग्रंथालय ठेवायचं आणि अंक टपालाने सभासदांना फिरवायचे, अशी सोय केली. रँग्लर परांजपे तेव्हा फर्ग्युसनचे प्राचार्य होते. लहान गावात शिकवणाऱ्याच्या हाती ताजा अंक पडायचा तो या सोयीमुळे.

संस्थेच्या जर्नलमध्ये वाचकांनी घातलेल्या गणितांचं एक सदर असे. १९११ मध्ये तिथे २८९ क्रमांकाचा प्रश्न आला: वर्गमुळात १ अधिक २ गुणिले वर्गमुळात १ अधिक ३ गुणिले वर्गमुळात... असं अनंतापर्यंत गेल्यास किंमत किती? सहा महिन्यांत उत्तर कुणाकडूनच आलं नाही. शेवटी प्रश्न घालणाऱ्या श्रीनिवास रामानुजन यांनीच ते दिलं: ३. त्यांचा पहिला शोधनिबंधही त्याच वर्षी याच जर्नलमध्ये आला. मांडणी इतकी त्रोटक होती की संपादकांनी तो परत परत लिहून घेतला. आणि संस्थेचे सचिव आर. रामचंद्र राव, जे नेल्लोरचे कलेक्टर होते, त्यांनी रामानुजनना काही काळ महिना २५ रुपये स्वतःच्या खिशातून दिले.

संस्था विद्यार्थ्याला काय देते याचं उत्तर यात आहे. हाताशी नसलेलं वाचायला मिळतं, आपण लिहिलेलं दुसरं कुणी बारकाईने वाचून दुरुस्त करायला लावतं, आणि अडीनडीला थोडे पैसे मिळतात. महत्त्वही याच क्रमाने. पैसे शेवटी येतात हे ध्यानात ठेवा.

आता हिशोब. समजा अधिवेशनाची नोंदणी सभासद विद्यार्थ्याला १,५०० रुपये, बिगरसभासदाला २,५०० आणि विद्यार्थी वर्गणी वर्षाला ५००. एकदा जरी गेलात तरी वर्गणी वसूल होऊन वर ५०० उरतात. जाणारच नसाल तर जर्नल, वार्तापत्र, व्याख्यानं यांतलं खरोखर काय वापराल ते बघा.

तीन चुका मात्र सर्रास होतात. पहिली, वर्गणीचं वर्ष न बघणं. ते जानेवारी ते डिसेंबर असेल आणि तुम्ही नोव्हेंबरात पैसे भरलेत, तर हाती दोन महिने येतात. शिवाय काही संस्था प्रवासखर्चाच्या अर्जासाठी ठरावीक महिन्यांचं जुनं सभासदत्व मागतात. दुसरी, फॉर्मवर महाविद्यालयाने दिलेला ई-मेल लिहिणं. पास झालात की तो बंद होतो आणि संस्थेची पत्रं कुठेच पोचत नाहीत. तिसरी, विद्यार्थी असतानाच आजीव सभासद होणं. पीएच.डी.ला विषय बदलू शकतो. दोन वर्षं थांबायला काही हरकत नाही. फॉर्मवर सूचक आणि अनुमोदक म्हणून दोन सभासदांच्या सह्या हव्या असतील आणि कुणी ओळखीचं नसेल, तर कार्यवाहांना तसं सरळ लिहा. त्यांना हे नवीन नसतं.

पोस्टरचा गोषवारा स्वीकारला गेला, पण प्रवासखर्चाचा अर्ज नाकारला. कारण कळवलं नाही. काय चुकलं असेल? (पीएच.डी., नांदेड)

अर्ज न बघता नक्की सांगता येणार नाही, पण नकाराची नेहमीची कारणं ठरलेली असतात.

गोषवाऱ्याची मुदत आणि प्रवासखर्चाच्या अर्जाची मुदत वेगवेगळ्या असतात, आणि पुष्कळदा दुसरी आधी संपते. गोषवारा स्वीकारला गेल्याचं पत्र येईपर्यंत थांबणारे इथेच बाद होतात. गोषवारा पाठवला त्याच दिवशी अर्जही पाठवा आणि ‘स्वीकृतीपत्र आल्यावर जोडते’ असं त्यात लिहा.

दुसरं कारण आकड्यांचं. ‘अंदाजे खर्च १५,००० रुपये’ एवढंच लिहिलेला अर्ज समितीला तपासता येत नाही. रेल्वेचा वर्ग आणि जाण्यायेण्याचं भाडं, किती रात्री कुठे राहणार, स्थानकापासून सभागृहापर्यंतचा खर्च, नोंदणी शुल्क असं सुटं लिहा. त्याखाली यातलं विद्यापीठ किंवा फेलोशिपच्या आकस्मिक निधीतून किती मिळणार आणि संस्थेकडून किती हवं ते द्या. ‘इतर ठिकाणाहून काही मिळत नाही’ हे तुम्ही नुसतं म्हणून चालत नाही. ते मार्गदर्शकांच्या पत्रात लागतं. एकाच प्रयोगशाळेतून चार अर्ज आले तर समिती सहसा एकालाच देते. म्हणून कुणी अर्ज करायचा हे प्रयोगशाळेतच आधी ठरवा.

मंजुरी मिळाल्यावरही अडचणी संपत नाहीत. बहुतेक संस्था आधी खर्च करायला लावतात आणि नंतर परतफेड करतात. म्हणून मंजुरीपत्र आल्याबरोबर तीन गोष्टी विचारा: आगाऊ किती मिळेल, कोणत्या वर्गाचं भाडं धराल, बिलं किती तारखेपर्यंत हवीत. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं, तर मंजुरी कधी कधी ३० दिवस आधी येते. मंजुरीनंतरचंच तिकीट चालेल असा नियम नसेल तर तिकीट काढून ठेवा. जाणं रद्द झालं तर रद्द करण्याचा आकार शेवटच्या क्षणीच्या भाड्यापेक्षा कमीच पडतो. तिकिटाचा प्रिंट, विमान असेल तर बोर्डिंग पास, वसतिगृहाची तुमच्या नावाची पावती आणि उपस्थितीचं प्रमाणपत्र, सगळं एका पाकिटात ठेवा. रिक्षाची पावती नसते. त्यासाठी तारीख, कुठून कुठे आणि रक्कम लिहून सही केलेला कागद चालतो का ते आधीच विचारा.

शेवटचा अडथळा बँकेचा. अर्जावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि खात्यावर नुसतं नाव-आडनाव असेल तर कोषाध्यक्ष पैसे थांबवतात. शाळेत असताना उघडलेल्या खात्यात दोन वर्षं व्यवहार नसेल तर ते निष्क्रिय झालेलं असू शकतं. कॅन्सल चेक जोडण्याआधी त्या खात्यात शंभर रुपये भरून बघा.

संस्थांच्या कार्यकारिणीवर असणाऱ्या वाचकांना इथे आवर्जून सांगायचं आहे. परतफेडीची पद्धत सोयीची आहे, पण जिच्या घरी पंधरा हजार रुपये दोन महिने अडकवून ठेवता येत नाहीत ती मुलगी अर्जच करत नाही. म्हणजे मदत नेमकी जिला हवी तिलाच गाळणारी ही पद्धत आहे. मंजूर रकमेच्या तीन चतुर्थांश रक्कम प्रवासाआधी खात्यात टाका आणि उरलेली बिलं आल्यावर द्या. बिलं न देणारे थोडे असतील; त्यांच्या मार्गदर्शकांना एक पत्र गेलं की बिलं येतात. आणि नाकारलेल्या अर्जाला एका ओळीचं का होईना, कारण कळवा.

विद्यार्थ्यांनो, संस्थेच्या नियमात आगाऊ रक्कम नसली तरी मागून बघा. एवढंच पुरे: ‘मंजूर रकमेपैकी रेल्वेभाडं आणि नोंदणी शुल्क आगाऊ मिळाल्यास मला येणं शक्य होईल. बिलं परतल्यापासून दहा दिवसांत सादर करीन.’

पोस्टर केवढं करायचं? गेल्या वेळी माझं फलकावर मावलं नाही आणि अक्षरंही कुणाला वाचता आली नाहीत. (एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र, रत्नागिरी)

फलक उभा की आडवा आणि त्याचं मोजमाप काय, हे सूचनापत्रात असतं. नसेल तर विचारल्याशिवाय फाइल उघडू नका. सगळ्यात जास्त चालणारा आकार ए-झीरो, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. पानाचा आकार सुरुवातीलाच हा ठेवा. छोट्या पानावर करून दुकानात ताणून मोठं केलं की छायाचित्रं फुटतात. पूर्ण आकारात १५० डीपीआय, म्हणजे इंचाला १५० ठिपके, पुरतं. पानभर छायाचित्र लावायचं असेल तर ते साधारण ४,९६७ बाय ७,०२२ पिक्सेलचं हवं. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो याच्या जवळपासही नसतो.

अक्षरांची परीक्षा घरच्या घरी होते. ए-झीरोचं पान ए-फोरवर छापलं की लांबी-रुंदी चौथाई होते. पोस्टरवरचं २८ पॉइंटचं अक्षर ए-फोरवर ७ पॉइंटचं दिसतं. तो कागद वाचायला नेहमी धरता तसा धरा. मजकूर सहज वाचता आला तर पोस्टर चौपट अंतरावरून, म्हणजे साधारण दीड मीटरवरून वाचता येईल. डोळे बारीक करावे लागले तर अक्षर वाढवा आणि मजकूर कापा. आलेखाच्या अक्षांवरचे आकडेही याच कसोटीवर तपासा. मजकूर मोठा आणि अक्षांवरची अक्षरं मुंगीएवढी, हा दोष अगदी सर्रास आढळतो, कारण आलेख दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून चित्र म्हणून आणलेला असतो.

मराठीत पोस्टर करत असाल तर युनिकोड फॉन्टच वापरा आणि दुकानात पीडीएफ द्या, फॉन्ट त्यात समाविष्ट करून. जुन्या फॉन्टमधली मूळ फाइल दिली की दुकानाच्या संगणकावर तो फॉन्ट नसतो आणि जोडाक्षरांचा चुथडा होतो. फ्लेक्स टिकतो, पण गुंडाळी उलगडल्यावर कडा वळतात आणि दिव्याखाली चकाकी येते. मॅट कागद वाचायला बरा. रेल्वेच्या डब्यात गर्दी असते, म्हणून पोस्टर ठेवायला नळी घ्याच. सोबत रुंद चिकटपट्टी, दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी आणि टाचण्या तिन्ही ठेवा. फलक कशाचा निघेल ते तिथे गेल्यावरच कळतं.

विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी संशोधन फेलोशिपसाठी दोनदा अर्ज केला. गुण चांगले असूनही निवड झाली नाही. (बी.एस्सी., कोल्हापूर)

बेंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, नवी दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी मिळून ही फेलोशिप देतात. देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाकडे उन्हाळ्यात साधारण दोन महिने काम करायला मिळतं. चांगले गुण जवळजवळ सगळ्याच अर्जदारांचे असतात, म्हणून निवेदनात काय लिहिलंय त्याला वजन येतं.

‘मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे’ या वाक्याने काहीच कळत नाही. हे बघा (स्पेक्ट्रोफोटोमीटर म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं उपकरण, आणि शोषकांक म्हणजे त्याचा आकडा): ‘स्पेक्ट्रोफोटोमीटरवर पाच प्रमाण द्रावणांचं शोषण मोजून आलेख काढला. पहिले तीन बिंदू सरळ रेषेत आले, शेवटचे दोन खाली झुकले. ती द्रावणं इतकी गडद होती की शोषकांक २ च्या वर जात होता, आणि तिथे उपकरणातला भटका प्रकाश वाचन कमी दाखवतो. द्रावणं विरळ करून पुन्हा मोजली तेव्हा रेष सरळ आली.’ प्रयोग साधाच आहे. पण चूक कुठे झाली ते शोधणारा विद्यार्थी यात दिसतो, आणि मार्गदर्शकाला तोच हवा असतो.

निवड हुकवणारं दुसरं कारण शिफारसपत्र. प्राचार्यांचं ‘हा विद्यार्थी होतकरू व सुशील आहे’ असं पत्र उपयोगाचं नाही. ज्यांनी तुम्हाला प्रयोगशाळेत काम करताना पाहिलंय त्यांना तीन आठवडे आधी सांगा. कोणते प्रयोग केलेत, कोणत्या प्रकल्पात काय भाग घेतलात, याचा अर्ध्या पानाचा कागद त्यांना द्या. पत्र पाठवण्यासाठी ई-मेल आला असेल तर तो स्पॅममध्ये गेला नाही ना, हे अदबीने विचारा.

निवड झाल्यावर लगेच मार्गदर्शकांना वसतिगृहाबद्दल लिहा. मे-जूनमध्ये खोल्या भरलेल्या असतात आणि बाहेर राहायचं म्हटलं तर मानधनातला मोठा वाटा भाड्यात जातो.

आमच्या तालुका विज्ञान मंडळाला एका माजी शिक्षकांनी विद्यार्थी पारितोषिकासाठी दोन लाख रुपये देऊ केले आहेत. निधी कसा बांधावा? (कार्यवाह, जि. सांगली)

देणगीपत्रात ‘ही रक्कम मुद्दल म्हणून ठेवून व्याजातून पारितोषिक द्यावे’ असं देणगीदारांच्या सहीने स्पष्ट लिहून घ्या. त्याशिवाय ती साधी देणगी धरली जाते आणि ऑडिटमध्ये प्रश्न येतो.

दोन लाखांवर ७ टक्के धरले तर वर्षाला १४,००० व्याज. ते सगळं वाटून टाकलंत आणि महागाई वर्षाला ६ टक्के राहिली, तर दहा वर्षांनी त्या १४,००० मध्ये आजच्या ७,८०० रुपयांइतकंच काही येईल. म्हणून १०,००० वाटा आणि ४,००० मुद्दलात टाका. दहा वर्षांत मुद्दल २,४०,००० च्या पुढे जातं. आणि १०,०००ची दहा पारितोषिकं करू नका. दोन विद्यार्थ्यांना पाच-पाच हजार दिले तर एखाद्याचा अधिवेशनाचा प्रवास होतो. हजार रुपयांत तो होत नाही.

अटींबाबत देणगीदारांशी मोकळेपणाने बोला. ‘तालुक्यातील, रसायनशास्त्रात नव्वद टक्क्यांवरील, मराठी माध्यमाची विद्यार्थिनी’ अशी अट भावनेने घातली जाते आणि तिसऱ्या वर्षी पात्र उमेदवार मिळत नाही. ‘योग्य उमेदवार नसल्यास कार्यकारिणीने जवळच्या विषयात किंवा शेजारच्या तालुक्यात द्यावे’ हे एक वाक्य आत्ताच घालून घ्या. पुढे देणगीदार हयात नसतील तेव्हा ते घालायला कुणी नसेल.

कागदपत्रांकडेही बघा. महाराष्ट्रात संस्था म्हणून नोंदलेल्या मंडळाची नोंद धर्मादाय आयुक्तांकडेही असते, आणि पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहून गेला तर बँक नव्या सह्या घेत नाही, मुदत ठेव जुन्या कोषाध्यक्षांच्या सहीवर अडकते आणि पारितोषिक समारंभाला धनादेशच नसतो.

निवडीसाठी दोन परीक्षक घ्या, त्यातला एक तालुक्याबाहेरचा. गुण कशाला किती हे अर्ज मागवतानाच जाहीर करा. ज्याचा विद्यार्थी स्पर्धेत आहे त्याने परीक्षक व्हायचं नाही.

परदेशी सोसायटीकडून ई-मेल आला: ‘तुमची फेलो म्हणून निवड झाली आहे, शुल्क १५० डॉलर.’ भरू का? (प्राध्यापक, नागपूर)

नको. ज्यांनी तुमचं काम वाचलेलं नाही त्यांनी केलेली निवड कसली? खऱ्या संस्थेचे पदाधिकारी कोण, गेल्या वर्षीची सर्वसाधारण सभा कधी झाली, ताळेबंद कुठे आहे, हे शोधलं की सापडतं. ते सापडत नसेल आणि एकाच संस्थेची अधिवेशनं हृदयरोगापासून नॅनोतंत्रज्ञानापर्यंत भरत असतील, तर तो धंदा आहे. जर्नलला आयएसएसएन आहे एवढ्यावर विसंबू नका. तो फक्त नियतकालिकाची ओळख पटवणारा क्रमांक असतो, दर्जाचं प्रमाणपत्र नव्हे. पदोन्नतीच्या अर्जात असं फेलोपद लिहिलंत आणि छाननीत कुणी विचारलं तर उत्तर देणं अवघड जाईल.

दहा वर्षांपूर्वी आजीव सभासद झालो. त्यानंतर एकही अंक नाही. (औषधकंपनीत संशोधक, ठाणे)

पावतीची प्रत आणि सभासद क्रमांक जोडून पत्ता बदलल्याचं कळवा. दहापैकी नऊ वेळा कारण तेच असतं. उत्तर आलं नाही तर सर्वसाधारण सभेची नोटीस मागा. ती मिळणं हा सभासदाचा हक्क आहे. सभेला जा आणि ताळेबंदात प्रकाशनावर किती खर्च दाखवलाय ते विचारा. उद्योगातल्या सभासदाकडून संस्थेलाही काही हवं असतं: कारखान्याची एक भेट किंवा मुलाखत कशी द्यावी यावर विद्यार्थ्यांसाठी तासभर. दोन्ही गोष्टी एकाच पत्रात लिहिल्या तरी चालतील.

मी नववीत आहे. मला आकाश बघायचं असतं आणि पक्षीही. मला कुणी सभासद करून घेईल का? (सातारा)

घेतील. आकाशासाठी पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था, १९४४ पासूनची. ती टिळक स्मारक मंदिरात आहे. पक्ष्यांसाठी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, १८८३ साली स्थापन झालेली, मुंबईत लायन गेटसमोरच्या हॉर्नबिल हाउसमध्ये. मराठीतून सगळं विज्ञान हवं असेल तर मराठी विज्ञान परिषद; १९६६ पासून तिचं काम चालू आहे, तिची पत्रिका घरी येते आणि तिचे विभाग राज्यात ठिकठिकाणी आहेत. तुझ्या जवळचा विभाग कोणता ते आधी विचार. अर्जावर आई किंवा बाबांची सही लागेल. एक वही आजच घे. जे दिसेल त्याची तारीख, वेळ, जागा आणि ढग होते की नाही, एवढं रोज लिही. सभासद झालीस की पहिल्याच भेटीत ती वही त्यांना दाखव.